अर्ध्यावर सोडलेला शेक

१

दुपारी चार वाजले की मोनाली बाळाला, चंदनला, दूध पाजायची, ढेकर काढायची, पाळण्यात निजवायची. मग आतल्या खोलीचे पडदे ओढून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून ती भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायची आणि उघडी पाठ लाल दिव्याला दाखवायची. जळगावची थंडी, अंगावर अर्धी शाल, त्यात हा चष्मा. हे ध्यान कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा विचार रोज एकदा तरी तिच्या मनात येऊन जायचा. पाहायला कुणी नसायचं, ही गोष्ट वेगळी. नवरा हितेंद्र केळीच्या व्यापारात होता. सकाळी सावद्याला जायचा तो गाड्या भरून झाल्यावर, दिवेलागण उलटून गेल्यावरच परतायचा.

दिवा म्हणजे एक चपटं, पाटाएवढं पॅनल होतं आणि त्यात लाल ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या. ते इमारतीच्या तळमजल्यावरच्या जीनतने दिलं होतं. तिथे तिची फिजिओथेरपीची खोली होती. बाळंतपणानंतर मोनालीची कंबर धरली होती, टाके ओढायचे, गुडघे जिना चढताना कुरकुरायचे.

"जादू-बिदू काही नाही हं, मोनालीताई," जीनत म्हणाली होती. "कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. पाठ-कंबर पंधरा मिनिटं, फार तर वीस. गुडघे दहा-दहा. टाक्यांवर आठच, आणि तेही तुमच्या डॉक्टरबाईंना विचारून. चेहऱ्याला पाचच्या वर नको. दिवा वीतभर लांब ठेवायचा. आणि एक लक्षात ठेवा, जास्त वेळ बसलं म्हणजे जास्त फायदा होतो असं नसतं. तव्यावरच्या भाकरीसारखं आहे. वेळ झाली की उतरवायची."

"आणि बाळाला? पोट दुखतं त्याचं संध्याकाळी."

"बाळाला अजिबात नाही. पाळणा दिव्याच्या मागे ठेवा. समोर नको."

मोनालीने फोनमध्ये गजर लावले आणि त्यांना नावंही दिली: पाठ, गुडघे, टाके. मग पाळणा दिव्याच्या मागे, खिडकीजवळ सरकवला. तो पुरेसा मागे आहे ना, हे तिने चारदा उठून पाहिलं. हा तिचा स्वभावच होता. गॅस बंद केला का, हे बघायलाही ती चारदाच उठायची.

२

पहिला आठवडा सुरळीत गेला. मग एका दुपारी पाठीवर दिवा असताना तिचे तळवे ऊन झाले.

दिवा मागे होता, पाय पुढे, भिंतीशी, थंड फरशीवर टेकलेले. जीनतने सांगितलं होतं की हा दिवा तापवत नाही, फार तर कोमट लागतो. आणि हे कोमट नव्हतं. उजव्या तळव्याखाली कुणीतरी गरम फडक्याची घडी धरल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने ती घडी उचलली गेली आणि डाव्या तळव्याला लागली. मग गुडघे, मग कंबर.

रक्त फिरत असेल, मोनालीने स्वतःला समजावलं. विज्ञान शाखेची पदवी होती तिच्याकडे, दुसऱ्या वर्गाची का असेना. पाठीला ऊब लागली की रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, पाय गरम होतात. होत असतील.

पण तो क्रम तिच्या ओळखीचा होता.

बाळ झालं तेव्हा तिला शेकायला आसोद्याहून झुंबरबाई यायच्या, रोज एसटीने, पिशवीत ओवा आणि बाळंतशोपा घेऊन. मोनालीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. धुळ्याच्या माहेरी वडील आणि भाऊ. त्यांना शेगडीचं काय कळणार? म्हणून बाई लावली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून झुंबरबाई शेकायच्या: आधी तळवे, मग गुडघे, कंबर, पोट, पाठ. डोकं मात्र शेकायच्या नाहीत. "डोकं शेवटच्या दिवशी," म्हणायच्या. "डोकं शेकलं का बाई उठली, कामाले लागली." बाईचं झालं की बाळ. स्वतःचा तळहात निखाऱ्यांवर धरायच्या, आधी आपल्या गालाला लावून पाहायच्या आणि मगच बाळाच्या पोटावर ठेवायच्या.

तो शेवटचा दिवस आलाच नाही. बाळ जरा खोकलं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळसे नकोत. ते खरंच होतं. धूर वाईटच. मोनालीने त्याच संध्याकाळी निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका, आणि हितेंद्रने फोनवरून पैसे टाकून दिले. सव्वा महिन्याचा शेक असा अर्ध्यावर थांबला. शेगडी गच्चीवर गेली.

गजर वाजला. पाठ. तिने चष्मा काढला, उठून दिवा बंद केला. पाळण्यात चंदन शांत पडला होता, डोळे टक्क उघडे, दिव्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत. त्याचं झबलं छातीपर्यंत नीट दुमडलेलं होतं.

तिने पोटाला हात लावला. ते ऊन होतं.

३

ही गोष्ट हितेंद्रला सांगायची नाही, हे तिने तिथेच ठरवलं. त्याला कारण होतं.

महिनाभरापूर्वी तिने त्याला सावद्याहून गाडी अर्धी भरलेली सोडून धावत यायला लावलं होतं. बाळ श्वास घेत नाही, म्हणून. तो आला तेव्हा बाळ अंगठा चोखत होतं. त्यानंतर पुन्हा एकदा तेच झालं. दुसऱ्या खेपेला तो चिडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या रात्री स्वयंपाकघरात तो आपल्या आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होता. लताबाई शिंदखेड्याला राहायच्या. फोन स्पीकरवर नसूनही त्यांचा आवाज भिंतीतून यायचा.

"तिनं मन थकेल शे. अजून एक डाव असं व्हयनं तर मी पोरले आठे लई येस. तिले झोपू दे जराशी."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मोनालीला ठाऊक होतं. पण "पोरले आठे लई येस", पोराला इकडे घेऊन येते, हे शब्द तिच्या मनात जाऊन बसले ते बसलेच. आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की दिव्याशेजारी कुणीतरी आहे आणि ते माझ्या बाळाचं पोट शेकतं? सांगितलं की संपलं. बाळ शिंदखेड्याला, आणि ती इथे, झोपायला मोकळी.

शिवाय, खरं सांगायचं तर, ती स्वतःवरही पैज लावायला तयार नव्हती. झबलं तिनेच दुमडलं असेल. दूध पाजताना ती हल्ली कुठे बघत असते, तिलाच कळत नाही. परवा तिने चहात हळद टाकली होती.

मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली. त्या संध्याकाळी चंदन रडला नाही. दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन तासभर किंचाळणारं ते बाळ त्या दिवशी तिच्या मांडीवर पडून पंख्याकडे बघत हसलं. मोनालीने किती दिवसांनी गरम चहा गरम असताना प्यायला.

४

पुढचे काही दिवस तिने पाळत ठेवली, म्हणजे जागच्या जागी बसून जेवढी ठेवता येते तेवढी.

पॅनल पाठीमागे असल्यामुळे तिची सावली समोरच्या भिंतीवर पडायची. इतक्या ठिपक्यांच्या उजेडाची सावली कधी धारदार पडत नाही. ती पसरट पडते, कडा पाण्यात भिजल्यासारख्या. काळ्या चष्म्यातून तर नुसता गोळा दिसायचा. एका दुपारी तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे किलकिले केले आणि भिंतीकडे बघत राहिली.

तळवे शेकून झाले. गुडघे, कंबर झाली. पोटाशी ऊब आली तेव्हा टाक्यांच्या जागेवर ती किती हलकी, किती जपून टेकली होती. असा हात तिला कुणी लावला नव्हता. डॉक्टरांनी नाही, नवऱ्याने नाही. तिला आईचा हात आठवत नव्हता. तो कसा असतो, याचा ती आजवर अंदाजच करत आली होती.

मग पाठ झाली. आणि भिंतीवर तिच्या सावलीच्या शेजारी एक हात आला.

मनगटापासून पुढे, बोटं पसरलेली. तो दिव्यासमोर धरलेला होता, जसा निखाऱ्यांवर धरतात तसा, जरा आत-बाहेर करत. मनगटावर बांगड्यांची जाड रेघ होती. मग तो वर गेला आणि कशाला तरी टेकला. जिथे टेकला तिथे क्षणभर एका कलत्या डोक्याची कड दिसली, कानावरून घेतलेला पदर आणि गाल.

गालाला लावून पाहिलं तिने. आधी स्वतःच्या.

मग हात आणि डोकं दोन्ही दिव्याच्या मागे, पाळण्याकडे गेलं. भिंतीवर मोनाली एकटी उरली. मागून चंदनचा तो आवाज आला, पोट भरल्यावरचा, कबुतरासारखा.

वळून बघायला हवं होतं. कुठलीही आई वळली असती. मोनाली वळली नाही. भीती वाटली म्हणून तर खरंच, पण पुढे कितीतरी वेळा तिने हे स्वतःला विचारलं, तेव्हा दुसरंही एक कारण सापडायचं. वळले आणि कुणी नसलं, तर उद्यापासून येणार नाही.

५

घरात कामाला बाई मिळाली की आपण हळूहळू सैल होतो, तसं झालं. चार वाजायची ती वाट पाहू लागली. कंबर सुधारली. रात्री झोप लागू लागली. हितेंद्र म्हणाला, "दिवा लागू पडला बरं का तुला." ती म्हणाली, "हो, जीनतने वेळा बरोबर सांगितल्या."

पण वेळा पाळत होती ती मोनाली. दुसरीकडे गजर नव्हता.

आधी गजर वाजला, दिवा बंद झाला की ऊब संपायची. मग दिवा बंद झाल्यावरही ती थोडी रेंगाळू लागली. मग जास्त. एका दुपारी दिवा मालवून, पडदे उघडून, उन्हात बाळाला मांडीवर घेऊन ती बसली होती, तेव्हा त्याचं पोट तिच्या डोळ्यांदेखत, कुणी दाबावं तसं, हलकंच खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं. बाळ आधी खुशीत होतं. नंतर कुरकुरलं. तिने हात मध्ये घातला तर तिच्याच हाताला चटका बसला.

पोटावर गुलाबी डाग उमटला होता, तळहाताएवढा.

ती बाळाला घेऊन खाली जीनतकडे गेली.

"दिव्यासमोर ठेवलं होतं?" जीनतने बाळाचं झबलं वर करून विचारलं. आवाज वरचा नव्हता, पण जरा करडा होता.

"नाही गं. शपथ."

"या दिव्याने असं होतही नाही, ताई. हे शेकल्यासारखं आहे. गरम पाण्याची पिशवी वगैरे?" मग तिने मोनालीकडे निरखून पाहिलं. "तुम्ही झोपता ना नीट?"

पुन्हा तोच प्रश्न. सगळे तोच विचारतात.

"झोपते," मोनाली म्हणाली. "तू म्हणाली होतीस ना, वेळ झाली की उतरवायची. आणि भाजणाऱ्याला वेळच ठाऊक नसली तर?"

जीनतला ते कळलं नाही. कळणार कसं?

घरी येऊन मोनालीने पॅनलची वायर काढली, ते चादरीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवून कपाट लावलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती बाळाला घेऊन पुढच्या खोलीत, दाराजवळ बसून राहिली. आधी वास आला. ओवा निखाऱ्यावर पडतो तेव्हाचा, खमंग आणि घशाला लागणारा. मग तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. कपाटाच्या दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. तो पॅनलचा लाल नव्हता. नारिंगी होता, मध्येच मंद होणारा आणि कुणी फुंकर घातल्यासारखा पुन्हा फुलणारा.

मांडीवर चंदनने पाय पोटाशी घेतले आणि किंचाळला. तिने झबलं उघडलं. डाग आता गुलाबी राहिला नव्हता.

६

तो डाग हितेंद्रने पाहिलाच. बाळाच्या पोटावरचा डाग बापापासून लपत नाही. त्याने आईला फोन केला आणि शनिवारी लताबाई शिंदखेड्याहून आल्या. येताना त्यांनी एक रिकामी पिशवी आणली होती. ती बाळाच्या कपड्यांसाठी आहे, हे मोनालीला सांगावं लागलं नाही.

"काही दिवसांचाच प्रश्न आहे," हितेंद्र म्हणाला. "तू आराम कर."

"उद्या जासूत," लताबाई म्हणाल्या आणि गुडघा चोळत बसल्या. एसटीत त्यांना उभं राहून यावं लागलं होतं.

हितेंद्रला बोलण्याचा विषय बदलायला काहीतरी हवंच होतं. त्याने कपाटातून पॅनल काढलं. "आई, हे बघ. गुडघ्याला दहा मिनिटं. मोनालीची कंबर याच्यानेच सुधारली." मोनाली नको म्हणेपर्यंत त्याने वायरही लावली. लताबाई काळा चष्मा घालून आतल्या खोलीत बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून. मोनाली बाळाला छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. चहा उकळून उकळून काळा झाला.

गजर वाजला. लताबाई बाहेर आल्या. लंगडत नव्हत्या.

"शेकनारी बाई चांगली ठेवनी शे तू," त्या मोनालीला म्हणाल्या. "हात हलका शे तिना. पन बोलत नही काही. मी दोनदा नाव पुसं."

हितेंद्र हसला. "बाई कुठली, आई? मशीन आहे ते."

लताबाईंनी मोनालीकडे पाहिलं. मोनालीने चहाची गाळणी कपाऐवजी साखरेच्या डब्यावर ठेवली होती. लताबाईंनी ते पाहिलं, मग मुलाकडे वळल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "मशीन. वय व्हयनं मनं आते. तू जाय, दूध संपेल शे, लई ये."

तो जिना उतरला तसं त्यांनी दार लोटलं.

"कोन शे ती?"

मोनालीने सगळं सांगितलं. तळव्यांपासून कपाटापर्यंत. सांगताना तिला अर्ध्यात रडू आलं, पण ती थांबली नाही. शेवटी लताबाईंनी एकच विचारलं.

"झुंबरबाईले धाडं तवय ओटी भरनी व्हती का?"

मोनालीने मान हलवली. नाही. ना खण, ना नारळ, ना हळदकुंकू. फोनवर पैसे टाकले होते.

लताबाईंनी मोठा श्वास सोडला. "येडी नही शे तू," त्या म्हणाल्या. "पन शिकेल-सवरेल शे, तीच खोड." मग रिकामी पिशवी तिच्या हातात दिली. "सकायमा आसोदाले जाऊत. हितेंद्रले सांगू, भरताना वांगा लेवाले जाई राहिनूत."

७

झुंबरबाई घरापुढच्या ओट्यावर वांगीच निवडत बसल्या होत्या. हिरवी, लांबट, भरताची. धडधाकट होत्या. मोनालीच्या मनात वाटेत जे जे येऊन गेलं होतं, त्यातलं काही झालेलं नव्हतं.

"आली का वं माय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फोनवर पैसे आले तवाच म्हनलं, आता मानूस काही येत नाही."

"चुकलं माझं, मावशी."

"धूर बंद केला ते बरंच केलं. लेकराचा जीव केवढा." त्यांनी बाळाला हातात घेतलं, झबलं वर केलं. डाग पाहिला. त्यांचे हात थांबले.

"तुम्ही येता का?" मोनालीने विचारलं. एवढ्या उन्हात, चार बायका रस्त्याने जात असताना हे विचारणं किती मूर्खासारखं वाटलं तिला. "दुपारी. आमच्याकडे."

"मी कायले येऊ, न बलावता?"

"मग कोण येतं?"

झुंबरबाईंनी आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो इतके दिवस कुठे जातो हे त्यालाच विचारत होत्या.

"आधी गालाले लावून पाहते का ती?"

"हो."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. "वाईटासाठी नाही येत."

"पण ती थांबत नाही, मावशी. वेळ वाढवतच चाललीय."

"कशी थांबन? कोनी सांगलं का तिले, पुरे म्हनून?" त्यांनी झबलं नीट खाली ओढलं. "मी त गेली. काम कसं जाईन? ते तुह्याच घरात राह्यलं. अर्धं."

लताबाईंनी पिशवीतून खण आणि नारळ काढला. "मंग आठेच भरी देऊत तुनी ओटी. सुटीन सारं."

"माह्या ओटीत टाकून काय उपेग, बहीन? जे शेकते तिच्या ओटीत टाका." मग त्या मोनालीकडे वळल्या. "दिवा लाव. डोयाले काही बांधू नको. पुरे म्हन. अन एक आईक. म्हनतांना रडू नको. रडली त तिले वाटन, अजून लागते मी."

निघताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. कोपऱ्यावर लताबाई थांबल्या.

"आज नही थांबनी ती, तर मी पोरले लई जासू," त्या म्हणाल्या. "तुले येडी म्हनीसन नही. पोर भाजाले नको म्हनीसन. समजी ले."

मोनालीला समजलं. इतकं सरळ तिला या दोन महिन्यांत कुणी काही सांगितलं नव्हतं.

८

चार वाजले. हितेंद्र पुढच्या खोलीत भरताच्या वासावर पेपर वाचत होता. लताबाईंनी स्वयंपाकघरात वांगी भाजायला घेतली होती आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, मुद्दाम.

मोनालीने पडदे ओढले. पाळणा दिव्याच्या मागे होता. चष्मा तिने दूर ठेवला. ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली, मांडीवर ताट घेऊन: खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. दिवा लावला. गजर लावला नाही.

तळवे. गुडघे. कंबर. पोट. पाठ. किती हळू, किती नेमाने. मोनालीला वाटलं, एवढं एकदा होऊन जाऊ दे, मग बोलू. आणि पाठीवरची ऊब उचलली गेली तेव्हा वाटलं, उद्या बोलू. एक दिवसाने काय होतंय? तिच्यापाशी कुणी असं कधी बसलंच नव्हतं.

भिंतीवर हात आला. पसरला. गालाकडे गेला. आणि पाळण्याकडे वळला.

"मावशी," मोनाली म्हणाली.

हात थांबला.

ती वळली. दिवा डोळ्यांवर आला, सगळं लाल झालं. त्या लाल झगझगाटात, दिव्याच्या आणि पाळण्याच्या मध्ये काहीतरी वाकलेलं होतं. उंची बाईची, पाठीला किंचित पोक. चेहऱ्याच्या जागी उजेड इतका होता की पाहता आलं नाही, आणि मोनालीने फार प्रयत्नही केला नाही. तिने ताट उचललं.

"सव्वा महिना झाला. वर आणखी झाला." तिने दात दाताला लावले. "माझी कंबर बरी आहे. बाळ बरं आहे. पुरे झालं आता."

त्या आकृतीने दोन्ही हात पुढे केले. त्यांच्यामध्ये पदराची झोळी असावी. त्या जागी लाल झगझगाट जरा गडद दिसत होता, एवढंच.

मोनालीने खण ठेवला, नारळ ठेवला. हळदकुंकवाची बोटं पुढे नेली, त्यांना काहीतरी ऊन लागलं, ती मागे घेतली. मग ओंजळभर तांदूळ घेऊन तिने सोडले. फरशीवर तांदूळ पडल्याचा आवाज यायला हवा होता. ती कान देऊन थांबली. आवाज आला नाही.

"उद्यापासून मी शेकते," ती म्हणाली.

बराच वेळ काही झालं नाही. पाळण्यात चंदन पाय झाडत होता. मग तिच्या डोक्यावर, टाळूच्या मधोमध, एक तळहात टेकला. चटका बसेल म्हणून ती आकसली. बसला नाही. हात ऊन होता, पुरता ऊन, पण आधी कुणाच्या तरी गालाला लावून पाहिलेला. तो तिथे राहिला. डोकं शेवटच्या दिवशी. मोनालीने ओठ चावून धरले, डोळे उघडे ठेवले आणि रडली नाही, रडली नाही, रडली नाही.

मग डोक्याला वारा लागला.

तिने दिवा बंद केला. खोलीत साधा, पडद्यातून गाळलेला उजेड उरला. फरशीवर एकही दाणा नव्हता. आणि चंदनने वेळ साधली. पाय पोटाशी घेतले, तोंड वाकडं केलं आणि सूर लावला.

मोनालीने पॅनलच्या काचेवर तळहात धरला. अगदी कोमट. तिने हात हातावर चोळले, जोरजोरात चोळले, आणि गालाला लावून पाहिलं. गाल ओला होता. तो तिने पदराने पुसला, पुन्हा हात चोळला, पुन्हा लावून पाहिला आणि मग बाळाच्या पोटावर, डागाच्या कडेने, ठेवला. हात काही त्या हातासारखा नव्हता. चंदन तासभर नाही, पण पाऊण तास तरी रडला असेल. नंतर झोपला.

स्वयंपाकघरातून वांग्यांची साल जळाल्याचा वास येत होता. लताबाई दाराशी आल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"गयी का?"

"गेली."

"रडनी नही ना तू?"

मोनालीने पुन्हा पदराने गाल पुसला. "ती गेल्यावर."

लताबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावरची रिकामी पिशवी उचलली, तिची घडी केली आणि खिळ्याला अडकवली.

"मंग ठीक शे," त्या म्हणाल्या. "दार लाई ले."

मोनाली झोपलेल्या चंदनला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि तिने आतल्या खोलीचं दार लोटलं. कडीवर हात ठेवला. आणि मग, का कोण जाणे, कडी न लावताच परत फिरली.